बंदुका मागे, भाकर पुढे

मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेराने १९२८ मध्ये रंगवलेलं एक भित्तिचित्र आहे. ‘आमची भाकर’ असा त्याच्या नावाचा अर्थ. लांब टेबल, भोवती बायामाणसं नि पोरं, मागे फळांची टोपली डोक्यावर घेतलेली बाई. टेबलाच्या टोकाशी बसलेला सावळा माणूस पाव मोडतो आहे. तो आपल्या वर्ध्याचा पांडुरंग सदाशिव खानखोजे, असं मानलं जातं.

रिव्हेराची करामत टेबलात आहे. त्याच्या दोन्ही कडा मागे जाताना अरुंद होतात नि नजर आपोआप त्या हातांपाशी पोचते. चेहऱ्यापेक्षा हात बोलके. यजमानाचा तोरा त्यांत नाही. हे वाटणाऱ्याचे हात आहेत. शिवाय बंदुका घेतलेली माणसं रिव्हेराने टेबलाच्या मागे उभी केली आहेत. ही मांडणी खानखोज्यांच्या शिक्षणाची यादी घेऊन पाहिली की चित्र वेगळंच उलगडतं.

वडील वर्ध्याला अर्जनवीस. दुसऱ्यांची गाऱ्हाणी सरकारी भाषेत बसवून देणं हा त्यांचा धंदा. मुलगा वर्ध्यात शिकला, मग नागपुरात, आणि टिळकांच्या विचारांनी पेटला. अर्ज करून काही सुटत नाही हे अर्जनविसाच्या पोराइतकं कोणाला कळणार? (हा माझा तर्क, पण मला तो पटतो.) पुढे जपानमार्गे तो कॅलिफोर्नियाला गेला आणि सॅन राफेलच्या माउंट तमालपाईस मिलिटरी अकॅडमीत दाखल झाला. इंग्रजांशी लढायचं तर आधी कवायत नि शस्त्रं शिकली पाहिजेत, हा सरळ हिशेब. आणि त्याच वर्षांत शेतीचंही शिक्षण: ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात, मग वॉशिंग्टन राज्याच्या पुलमन इथल्या महाविद्यालयात. एका हाती रायफल, दुसऱ्या हाती बियाणं. अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांच्या, १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या पहिल्या फळीत तो होता. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्धच्या बंडात झुंजायलाही गेला. ते बंड फसलं.

मग १९२० च्या दशकात मेक्सिको. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत अध्यापन, मका नि गव्हावर संशोधन. लष्करी अकॅडमीने दिलेलं मागे पडलं, कृषी महाविद्यालयांनी दिलेलं उपयोगी आलं. चित्रात बंदुका पुसलेल्या नाहीत, फक्त मागे सरकल्या आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. पुसल्या असत्या तर चित्र भाबडं झालं असतं नि माणूस अर्धा.

एक कुरकुर मात्र आहे. विदर्भातल्या हिवरखेडच्या वावरात राबणारा माणूस हे चित्र पाहील तर विचारेल, याच्या हातात मक्याचं कणीस का नाही? रास्त प्रश्न. मका आणि त्याचा रानटी सोयरा तेओसिंते यांच्या संकरावर खानखोज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. ते कणीस पाहायचं तर छायाचित्रकार तिना मोदोत्तीची छायाचित्रं पाहावीत. तिने खानखोजे नि त्यांचं काम, दोन्ही टिपलं. रिव्हेराला संशोधक रंगवायचा नव्हताच, त्याला पंगत रंगवायची होती.

याच मेक्सिकोत खानखोज्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारायला हात लावला. कन्या सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं. १९५५ मध्ये खानखोजे नागपूरला परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले.