नव्या आवृत्तीच्या स्वीकाराचा काळ : पायथनच्या स्थित्यंतराचा विचार

पायथन या संगणकभाषेची तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली. दुसरीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. या अकरा वर्षांच्या संक्रमणासंबंधी दोन मते आढळतात. नवे ते तत्काळ स्वीकारावे, हे एक. जुने चालते तोवर सोडू नये, हे दुसरे. दोन्ही मते केवळ तारखेकडे पाहून निर्णय करतात, ही त्यांची उणीव होय.

पहिले मत मराठीच्या अभ्यासकाला सहज पटण्याजोगे आहे. दुसऱ्या आवृत्तीत साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ असे. यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी ती १५ सांगे. तिसरी ५ सांगते. परंतु हा लाभ २००८ साली पदरात पडणे कठीण होते. असंख्य गणिती आज्ञावली ज्या नम्पायवर विसंबून होत्या, तिच्यात तिसऱ्या आवृत्तीची सोय २०१० मध्ये झाली. जँगोमध्ये ती २०१३ मध्ये, आणि तीही प्रयोगादाखल. ज्याच्या कामाला या आधारांची गरज होती, त्याने थांबणे योग्यच होते.

दुसरे मत सावध भासते. तथापि त्यातही धोका आहे. जुन्या आवृत्तीची मुदत प्रथम २०१५ पर्यंत होती. २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत वाढविण्यात आली. या वाढीवर विसंबणाऱ्यांच्या हे ध्यानी आले नाही की, डिसेंबर २०१७ मधील जँगो २.० ने जुन्या आवृत्तीची साथ आधीच सोडली होती. म्हणजे घोषित मुदतीपूर्वीच कित्येकांची खरी मुदत संपली होती.

याहून महत्त्वाचा प्रश्न निष्कर्षांच्या विश्वासार्हतेचा आहे. ७ भागिले २ याचे उत्तर जुनी आवृत्ती ३ देई, नवी ३.५ देते. येथे यंत्र चुकीची सूचना देत नाही. सरासरी मात्र निमूटपणे बदलते. म्हणून जुनी सामग्री दोन्ही आवृत्त्यांत चालवून पाहावी आणि प्रत्येक फरकाचे कारण शोधावे. सर्व आधार सिद्ध झाले आणि हे फरक उलगडले, म्हणजे स्वीकाराचा काळ आला असे समजावे.

तरीही नवी आवृत्ती अभ्यासकाचे काम करीत नाही. तिने मोजलेली ५ ही युनिकोडची चिन्हे आहेत. वाचकाच्या दृष्टीने ‘मराठी’त अक्षरे तीनच आहेत.