इंटरफेरॉन आणि ‘थांबलं’ हे क्रियापद

संगमेश्वरात बसून पेशींवर बोलायचं, तेही तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं, हे जरा धाडसच. पण आमचा आक्षेप पेशींवर नाही, एका क्रियापदावर आहे. ‘इंटरफेरॉन दिलं की विषाणूचं उत्पादन थांबतं’ असं सर्रास म्हणतात. यातलं ‘थांबतं’ तपासू.

१९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी हा पदार्थ शोधला. अनेक विषाणूंबाबत ते वाक्य खरंच आहे. पेशीत त्यांची प्रथिनंच बनेनाशी होतात. पण उंदरांमध्ये ल्युकेमिया घडवणारा ट्यूमर विषाणू वेगळा. तो पेशीला मारत नाही. तिच्या जनुकांत घर करतो आणि कण बाहेर सोडत राहतो. बशीत पेशी वाढवून असे विषाणू अभ्यासतात. अशा पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा आपल्याकडे मुंबईत कमल रणदिवे यांनी उभारली. उंदरांतले ट्यूमर विषाणू त्यांच्याही अभ्यासात होते.

आता या पेशींना इंटरफेरॉन दिलं, की भोवतालच्या द्रवातले विषाणू खूप घटतात. म्हणजे उत्पादन थांबलं?

आपल्या शास्त्री नदीच्या काठी उभं राहून खाडीकडे जाणाऱ्या होड्या मोजा. एकही गेली नाही, म्हणून सुतारांनी होड्या बांधणं सोडलं, असं म्हणाल का? त्या काठाला दोरानं बांधलेल्या असतील की!

झालंही तसंच. १९७०च्या दशकात संशोधकांनी पेशीच्या आत पाहिलं. विषाणूची प्रथिनं जवळपास पूर्वीसारखीच बनत होती. कण मात्र पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून होते. जे सुटले, त्यांची संसर्ग करण्याची ताकद कमी झाली होती. आणि इंटरफेरॉन काढलं, की कण पुन्हा सुटू लागत. तो ‘दोर’ सापडला २००८ मध्ये, एचआयव्हीच्या अभ्यासात: टेथेरिन नावाचं प्रथिन. इंटरफेरॉनमुळे ते वाढतं. पुढे उंदरांच्या विषाणूबाबतही तेच दिसलं.

हा शब्दच्छल नव्हे, बरं का. १९८० मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं कर्करोगावरचं औषध म्हणून इंटरफेरॉन मुखपृष्ठावर नेलं. किती घरांनी त्यावर आशा ठेवली असेल! प्रत्यक्षात ते मोजक्याच कर्करोगांत उपयोगी ठरलं. ‘थांबलं’ ऐकणारा रुग्ण ‘संपलं’ असं समजतो; खरं तर ते फक्त ‘अडलेलं’ असू शकतं. म्हणून आम्ही सांगू, अशी बातमी आली की आधी विचारा: नेमकं मोजलं काय, आणि कुठे उभं राहून?