शिक्का आणि दाखला

‘ख्रिस्ती’ हा शब्द कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघेही स्वतःला लावतात. पण दोघांच्या तोंडी त्याचा अर्थ एकच असतो असे नाही. हा भेद धर्मशास्त्रावरील ग्रंथांपेक्षा दोन कादंबऱ्यांत मला अधिक स्वच्छ दिसला. पहिली जॉन बन्यनची ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८). हरि केशवजींनी ती १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणली. दुसरी ग्रॅहॅम ग्रीनची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०).

बन्यन हा परवान्यावाचून प्रवचने करण्यापायी बारा वर्षे तुरुंगात राहिलेला प्युरिटन. त्याच्या नायकाचे नावच ‘ख्रिश्चन’. पण ते जन्माचे नाव नव्हे; पूर्वी आपण ‘ग्रेसलेस’, म्हणजे कृपाहीन होतो, असे तो स्वतःच सांगतो. क्रुसापाशी त्याला एक गुंडाळी मिळते. पुढे वाटेत डोळा लागतो, ती हातातून निसटते आणि रडतरडत मागे जाऊन शोधावी लागते. ‘इग्नरन्स’ नावाचा दुसरा वाटसरू स्वर्गाच्या दारापर्यंत पोचतो. पण त्याला दाखला दाखवता येत नाही, म्हणून त्याची रवानगी तिथूनच नरकात होते. नाव पुरेसे नाही, आतली साक्ष हवी, असा हा रोखठोक हिशेब आहे.

उलट, ग्रीनच्या नायकाला नावच नाही. तो केवळ ‘पाद्री’. काळ १९३०नंतरच्या दशकातला, स्थळ मेक्सिको. सरकारने धर्मगुरूंना गुन्हेगार ठरवले आहे. हा पाद्री दारूडा आहे, एका मुलीचा बाप आहे. बन्यनने त्याला पहिल्याच वेशीवर अडवले असते. परंतु बाप्तिस्मा आणि गुरुदीक्षा यांचा आत्म्यावर उमटलेला शिक्का पुसता येत नाही, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली ठरवून टाकले होते. म्हणून तो वाईट पाद्री असेल, पण पाद्रीच. सीमेपलीकडे लूथरपंथी बहीणभाऊ त्याला मायेने आसरा देतात. तरीही एका मरणोन्मुख खुन्याचे पापनिवेदन ऐकण्यासाठी, हा सापळा आहे हे ओळखूनही, तो परत फिरतो आणि गोळीला बळी पडतो. आपण नालायक आहोत, एवढ्याने कर्तव्यातून सुटका होत नाही, हे त्याला कळते.

सगळेच प्रॉटेस्टंट बन्यनसारखे नाहीत, हे खरे. लूथरपंथी आणि अँग्लिकन तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देतात. पण कल कुणाचा कुणीकडे, हे या दोन पुस्तकांवरून उमगते. दोन्हींत धोका आहे. शिक्क्याने माणूस निर्धास्त होतो. दाखल्याने तो शेजाऱ्याची झडती घेऊ लागतो.

कादंबरी म्हणून मी ग्रीनला वरचढ मानतो. इग्नरन्सला नरकात ढकलताना बन्यनची लेखणी हळहळत नाही, हे मला खटकते. मात्र ‘मला लावलेले नाव खरे आहे का?’ हा त्याचा प्रश्न टाळता येत नाही. धर्म ज्या घरात वारशाने येतो, तिथे, म्हणजे आपल्या बहुतेकांच्या घरी, तो विचारलाच पाहिजे. सुटीत ही दोन्ही पुस्तके वाचावीत. आधी बन्यन, मग ग्रीन.