सीएसआर आणि वित्तीय समावेशन : लाभार्थी मोजले म्हणजे संशोधन झालं का?



पीएच.डी.साठी मी पहिला आराखडा लिहिला, तेव्हा माझं गृहीतक एका ओळीचं होतं : ‘कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) खर्चामुळे ग्रामीण महिलांचं वित्तीय समावेशन वाढतं.’ पुरावा म्हणून एका कंपनीच्या वार्षिक अहवालातले आकडे घेतले होते. इतकी खाती उघडली, इतक्या महिलांना प्रशिक्षण दिलं. मार्गदर्शक मॅडमनी आराखडा परत केला आणि एवढंच विचारलं, "यातल्या किती जणींनी स्वतः बँकेत जाऊन पैसे काढले?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. अहवालातही नव्हतं.

नंतर पाहणीसाठी मराठवाड्यातल्या एका गावात गेले. शिबिरात खातं उघडलेल्या एका ताईंना पासबुक दाखवायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पासबुक? ते मालकाकडं असतंय." अहवालात त्या ‘एक लाभार्थी’ होत्या. माझ्या तक्त्यातही तशाच आल्या असत्या.

या विषयावरचे बरेच शोधनिबंध माझ्या पहिल्या आराखड्यासारखेच आहेत, म्हणून आज त्यांच्यातल्या तीन चुका बघू.

१. काळाची चूक

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. आणि जनधन योजना कधी सुरू झाली? 28 ऑगस्ट 2014 ला. म्हणजे जेमतेम पाच महिन्यांचं अंतर!

जागतिक बँकेच्या ‘फिनडेक्स’ पाहणीप्रमाणे भारतात खातं असलेल्या प्रौढांचं प्रमाण 2014 मध्ये 53 टक्के होतं, ते 2017 मध्ये 80 टक्के झालं. या काळात कोणत्याही गावात ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजलं, तर वाढ दिसणारच. ती सीएसआरमुळे झाली, असं कशावरून म्हणायचं? जिथे तो प्रकल्प नव्हता अशा सारख्या गावांशी तुलना केल्याशिवाय हे वाक्य लिहिता येत नाही. आणि त्याच 2017 च्या पाहणीत भारतातली जवळपास निम्मी खाती वर्षभर वापरलीच गेली नव्हती. म्हणजे ‘खातं आहे’ आणि ‘खातं वापरात आहे’ हे दोन वेगळे चल आहेत.

२. निवडीची चूक

कायदाच सांगतो की कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. कारखान्याजवळच्या गावाला बहुधा रस्ता असतो, पगार येतो, बँकेची शाखाही जवळ असते. अशा गावाची तुलना दूरच्या पाड्याशी केली, तर आपण सीएसआर मोजत नाही, कारखान्यापासूनचं अंतर मोजतो.

३. स्रोताची चूक

वार्षिक अहवाल हा कंपनीने स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर आहे. 2021 पासून मोठ्या कंपन्यांना (सरासरी सीएसआर बंधन 10 कोटी किंवा जास्त) 1 कोटी आणि त्यापुढच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. चांगली सुधारणा आहे. पण त्या संस्थेला काम देते कंपनीच, हे विसरू नका.

बँका आणि सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम नियमानुसार सीएसआर धरत नाहीत. मग बँकेने घेतलेलं ‘आर्थिक साक्षरता शिबिर’ हे समाजकार्य, की नव्या ग्राहकांची जमवाजमव? शिबिरात शेवटी कोणाचे फॉर्म भरले जातात, ते बघा. तिथे बरंच कळतं.

मग चांगलं संशोधन कसं असतं?

एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मध्य प्रदेशातला अभ्यास वाचा. तो 2021 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. तो सीएसआरवर नाही, पण रचना शिकण्यासारखी आहे. काही ठिकाणी महिलांना फक्त खातं दिलं. काही ठिकाणी खात्यासोबत ते वापरायचं प्रशिक्षण आणि रोजगार हमीची मजुरी थेट त्याच खात्यात, असं दोन्ही दिलं. कोणत्या ग्रामपंचायतीला काय मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, त्यामुळे निवडीची चूक टळली. फक्त खातं मिळालेल्यांच्या तुलनेत प्रशिक्षण आणि थेट मजुरी दोन्ही मिळालेल्या महिला सरकारी आणि खाजगी कामांवर जास्त गेल्या. तीन वर्षांनी बाईने कामाला जाण्याबद्दलची त्यांची स्वतःची मतंही बदललेली दिसली.

म्हणजे फरक खातं उघडण्याने पडला नाही. स्वतःची कमाई स्वतःच्या हातात येण्याने, आणि ते खातं चालवता येण्याने पडला.

या अभ्यासालाही मर्यादा आहे. रोहयोची मजुरी हा नियमित सरकारी पैसा आहे. ज्या बाईला खात्यात जमा होईल असं उत्पन्नच नाही, तिच्याबद्दल तो फारसं सांगत नाही. आणि सीएसआर प्रकल्प पोचतात ते अनेकदा अशाच बायकांपर्यंत. तुमच्यासाठी संशोधनाची रिकामी जागा इथे आहे!

आराखडा लिहिताना ‘लाभार्थी संख्या’ हा शब्द आला की थांबा आणि त्या जागी तीन प्रश्न लिहा : गेल्या तीन महिन्यांत खात्यात पैसे कुठून आले? काढायला कोण गेलं? पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाकडे असतं? प्रश्नावली थोडी लांबेल, गावात दोन दिवस जास्त राहावं लागेल. पण तो आकडा मग तुमचा स्वतःचा असेल.

मी आराखडा तीनदा बदलला. त्या ताईंचं उत्तर मात्र आजही प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलंय.