परस्परतेचा दावा आणि पासपोर्टाचा इतिहास : अमेरिकेच्या करार-व्हिसाची चिकित्सा

प्रास्ताविक

परदेशात व्यापार करणे किंवा तेथील उद्योगात भांडवल गुंतवणे हा विषय सामान्यतः अर्थशास्त्राच्या कक्षेत मांडला जातो. भांडवल किती, नफा किती, रोजगार किती, अशा प्रश्नांची चर्चा तेथे होते. परंतु ते भांडवल घेऊन जाणाऱ्या माणसाला सीमेच्या आत येऊ देणारा परवाना कोणत्या तत्त्वावर दिला जातो, हा प्रश्न इतिहास, राज्यशास्त्र आणि विधिशास्त्र यांच्या सीमारेषेवर पडतो आणि म्हणून बहुधा कोणत्याच विद्याशाखेत पुरेसा तपासला जात नाही. अमेरिकेचा ई-१ हा व्यापारी व्हिसा व ई-२ हा गुंतवणूकदार व्हिसा या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. दोहोंचा आधार अर्जदाराच्या देशाने अमेरिकेशी केलेला करार हा असतो. सुमारे ८० देशांच्या नागरिकांना यांपैकी एक वा दोन्ही व्हिसा उपलब्ध आहेत. भारत त्या यादीत नाही.

या व्यवस्थेचे समर्थन परस्परतेच्या तत्त्वावर केले जाते. तुमच्या व्यापाऱ्याला आम्ही जागा देऊ, आमच्या व्यापाऱ्याला तुम्ही द्या, असा हा साधा न्याय आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा न्याय करार-व्हिसाचे अंशतःच स्पष्टीकरण देतो. व्यवहारात या व्हिसाने प्रवेश मिळतो तो बऱ्याच अंशी राज्यांनी पूर्वी केलेल्या सौद्यांच्या वारसांना; आणि त्या सौद्यात ज्याचा कसलाही हात नव्हता, अशा व्यक्तीला त्याचा लाभ वा तोटा सोसावा लागतो.

१. १८१५ चा करार आणि मुंबई बंदर

ब्रिटिश नागरिकांना आज मिळणारा करार-व्हिसा ३ जुलै १८१५ रोजी लंडन येथे झालेल्या वाणिज्य करारावर आधारलेला आहे. अमेरिकेच्या बाजूने जॉन क्विन्सी ॲडम्स, हेन्री क्ले आणि ॲल्बर्ट गॅलॅटिन यांनी त्याच्या वाटाघाटी केल्या. प्रारंभी तो चार वर्षांपुरता होता. १८१८ मध्ये त्याची मुदत वाढवण्यात आली आणि १८२७ मध्ये तो अनिश्चित काळासाठी चालू ठेवण्यात आला.

या कराराची रचना बारकाईने वाचण्यासारखी आहे. व्यापाराचे परस्पर स्वातंत्र्य त्याने दिले ते अमेरिका आणि ब्रिटिश राजाचे ‘युरोपातील’ प्रदेश यांच्या रहिवाशांना. हिंदुस्थानासाठी वेगळे कलम होते. त्यानुसार कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि प्रिन्स ऑफ वेल्स बेट येथे अमेरिकन जहाजांना प्रवेश मिळाला आणि अमेरिकन नागरिकांना त्या बंदरांशी व्यापार करण्याची मुभा मिळाली. उलट दिशेने मुंबईच्या व्यापाऱ्याला अमेरिकेत जाऊन पेढी थाटण्याचा हक्क या कलमाने दिला नाही. १८३० च्या दशकात बोस्टनचा बर्फ मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागला. तो आणणाऱ्यांना कराराचे संरक्षण होते, तो विकत घेणाऱ्यांना नव्हते.

ही केवळ इतिहासजमा झालेली बाब नाही. या कराराचा लाभ ब्रिटिश बेटे, चॅनेल बेटे व जिब्राल्टर येथील रहिवाशांपुरता मर्यादित आहे, असाच अर्थ अमेरिकेचे परराष्ट्र खाते आजही लावते. साम्राज्य संपले, त्याच्या करारातील ‘युरोपातील प्रदेश’ हे शब्द मात्र व्हिसा अधिकाऱ्याच्या टेबलावर टिकून राहिले.

२. व्यापाऱ्याची पत्नी आणि नागरिकाची पत्नी

करार-व्हिसाचे वेगळेपण सर्वांत स्पष्टपणे दिसते ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, अमेरिकेने आशियाई लोकांना दार बंद केले तेव्हा. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांचा प्रवेश रोखला गेला. १८८० च्या तहातील शब्दांमुळे व्यापारी मात्र त्यातून वगळले गेले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय व्यक्ती नागरिकत्वास अपात्र ठरवली. पुढच्याच वर्षीच्या स्थलांतर कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना स्थायिक होण्यासाठी येण्याची बंदी केली. परंतु विद्यमान वाणिज्य करारान्वये केवळ व्यापारासाठी येणाऱ्यांना त्या बंदीतून सूट दिली.

या सुटीचा अर्थ २५ मे १९२५ रोजी उघड झाला. त्या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दोन निर्णय दिले आणि दोन्ही निर्णयपत्रे न्यायमूर्ती मॅक्रेनॉल्ड्स यांनी लिहिली. पहिल्या निर्णयात अमेरिकेत राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांच्या पत्नी व अज्ञान मुलांना प्रवेश मिळाला, कारण तहाने व्यापाऱ्याला दिलेला हक्क कुटुंबाशिवाय निरर्थक ठरला असता. दुसऱ्या निर्णयात अमेरिकेचे नागरिक असलेल्या चिनी वंशाच्या पुरुषांच्या चिनी पत्नींना प्रवेश नाकारण्यात आला, कारण त्यांच्यासाठी कायद्यात अपवाद नव्हता. परकीय व्यापारी आपल्या पत्नीला आणू शकत होता. देशाचा नागरिक आणू शकत नव्हता. १९३० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन २६ मे १९२४ पूर्वी विवाह झालेल्या पत्नींपुरती ही विसंगती दूर करण्यात आली.

या दोन निर्णयांतून करार-व्हिसाचे मूळ स्वरूप ध्यानात येते. येथे हक्क माणसाला त्याच्या माणूसपणामुळे मिळत नाही, नागरिकत्वामुळेही नाही. त्याच्यामागे उभ्या असलेल्या परकीय राज्याच्या सहीमुळे मिळतो. आणि सही मागे घेतली गेली की हक्कही मागे घेतला जातो. जपानशी असलेला १९११ चा करार अमेरिकेने १९३९ मध्ये नोटीस देऊन जानेवारी १९४० मध्ये संपुष्टात आणला. इराणशी १९५५ मध्ये झालेला मैत्री करार संपवण्याची घोषणा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली आणि जानेवारी २०२० पासून इराणी नागरिकांना हे व्हिसा मिळणे बंद झाले. व्यापाऱ्याने कोणताही नियम मोडलेला नसतानाही त्याच्या पायाखालची जमीन सरकू शकते, हे या उदाहरणांवरून दिसते.

३. कायद्याच्या शब्दांची चिकित्सा

आजची व्यवस्था १९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यावर उभी आहे. करारान्वये येणारा गुंतवणूकदार हा वर्ग याच कायद्याने व्यापाऱ्याच्या जोडीला आणून बसवला. या व्यवस्थेतील तीन शब्द विशेष विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला शब्द ‘भरीव’. गुंतवणूक भरीव असली पाहिजे, परंतु किती रक्कम म्हणजे भरीव हे नियमांत सांगितलेले नाही. व्यवसायाच्या एकूण खर्चाशी तिचे प्रमाण पाहिले जाते आणि व्यवसाय जितका लहान, तितके हे प्रमाण मोठे असावे लागते. या लवचिकतेमुळे लहान उपाहारगृह काढणाऱ्यालाही हा मार्ग खुला राहतो, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. त्याच कायद्याच्या चौकटीत १९९० मध्ये आलेल्या ईबी-५ या स्थायी वास्तव्याच्या मार्गासाठी २०२२ पासून किमान ८ लाख डॉलरची गुंतवणूक लागते. त्या तुलनेत ई-२ हा मध्यमवर्गीय उद्योजकाचा मार्ग ठरतो. परंतु पैसा निर्णयापूर्वीच व्यवसायात बांधलेला आणि जोखमीत घातलेला असावा लागतो. म्हणजे जोखीम आधी, उत्तर नंतर. आणि वकिलातीतील अधिकाऱ्याने व्हिसा नाकारल्यास त्याविरुद्ध न्यायालयाचे दार जवळजवळ बंदच असते.

दुसरा शब्द ‘तात्पुरता’. ई-२ व्हिसावर येणाऱ्यास एका वेळी कमाल दोन वर्षांचे वास्तव्य मिळते. मुदतवाढीला संख्येची मर्यादा नाही. व्यवसाय वीस वर्षे चालला तरी मालक कायद्याच्या दृष्टीने परत जाणारा पाहुणाच राहतो. २००२ पासून जोडीदाराला नोकरीची मुभा मिळाली, ही सुधारणा महत्त्वाची आहे. मुलांचे अवलंबित वास्तव्य मात्र २१ व्या वर्षी संपते. ज्या दुकानाच्या गल्ल्यामागे मूल वाढले, ते दुकान चालू असतानाच त्याला देशात राहण्यासाठी दुसरा आधार शोधावा लागतो.

तिसरा शब्द ‘राष्ट्रीयत्व’. कंपनीचे राष्ट्रीयत्व तिच्या नोंदणीच्या ठिकाणावरून ठरत नाही, तर मालकीवरून ठरते. निदान निम्मी मालकी करारबद्ध देशाच्या नागरिकांकडे असावी लागते. येणारा कर्मचारीही त्याच राष्ट्रीयत्वाचा हवा. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर ही कंपनी विकत घेतली. अशा व्यवहारात कारखाना, कामगार आणि नाममुद्रा इंग्लंडमध्येच राहतात. परंतु मालकीची ही कसोटी काटेकोरपणे लावली तर मुंबईच्या भांडवलाने ताब्यात घेतलेली ब्रिटिश कंपनी १८१५ च्या कराराच्या छत्राबाहेर जाते. भांडवलाला राष्ट्र नसते, असे सैलपणे म्हटले जाते. करार-व्हिसाच्या दृष्टीने भांडवलाला राष्ट्र असते आणि ते तपासलेही जाते.

४. कराची आणि मुंबई

१९४७ पर्यंत कराची व मुंबई ही एकाच सत्तेखालील बंदरे होती. १९३६ पर्यंत तर सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. आज कराचीचा व्यापारी ई-१ व ई-२ या दोन्ही व्हिसांसाठी अर्ज करू शकतो, कारण पाकिस्तानने १९५९ मध्ये अमेरिकेशी मैत्री व वाणिज्य करार केला आणि तो १९६१ मध्ये अमलात आला. बांगलादेशाच्या नागरिकांना १९८९ पासून आणि श्रीलंकेच्या नागरिकांना १९९३ पासून ई-२ व्हिसा उपलब्ध आहे. मुंबईच्या व्यापाऱ्याला यांपैकी काहीही नाही.

येथे अमेरिकेवर पक्षपाताचा आरोप करून थांबणे अपुरे ठरेल. त्या काळातील वाणिज्य करारांत परकीय कंपन्यांना देशी कंपन्यांप्रमाणे वागणूक, मालमत्ता ताब्यात घेतल्यास भरपाई, नफा बाहेर नेण्याची सोय अशा हमी मागितल्या जात. १९४८ व १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावांनी भारताने जे नियोजनाचे व नियंत्रणाचे धोरण स्वीकारले, त्याच्याशी या हमींचा मेळ बसणे कठीण होते. असा करार न करणे हा स्वतंत्र राष्ट्राच्या आर्थिक धोरणाशी सुसंगत पर्याय होता. प्रश्न एवढाच की, त्या पर्यायाची किंमत आज, नियोजन आयोग इतिहासजमा झाल्यावरही, असा उद्योजक मोजतो ज्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

याउलट, लाभाचा वारसाही तितकाच योगायोगाने मिळतो. स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांच्या नागरिकांना मिळणारा करार-व्हिसा १८८१ मध्ये अमेरिकेने सर्बियाशी केलेल्या करारावर आधारलेला आहे. तो झाला तेव्हा हे दोन्ही प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पुढे सर्बिया युगोस्लाव्हियात विलीन झाला, युगोस्लाव्हिया फुटला, आणि जुना करार सर्व वारसांना मिळाला. तैवानचा लाभ १९४६ मध्ये नानजिंग येथे झालेल्या करारातून येतो. ज्या भूमीवर तो करार झाला, तेथील नागरिकांना आज तो लागू नाही.

५. पळवाट आणि तिचे बंद होणे

ज्याचा देश यादीत नाही, त्याने देशच बदलावा, असा मार्ग पुढे निघाला. ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाचा अमेरिकेशी गुंतवणूक करार १९८९ पासून लागू आहे आणि २०१३ पासून तेथे गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व मिळू लागले. भारत व चीन येथील धनिकांसाठी हा वळसा उपलब्ध झाला. भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसल्यामुळे भारतीयाला त्यासाठी स्वतःच्या नागरिकत्वावर पाणी सोडावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा करून, गुंतवणुकीद्वारे नागरिकत्व मिळवलेल्यांनी त्या देशात सलग किमान तीन वर्षे वास्तव्य केलेले असावे, अशी अट घातली. नागरिकत्व विकत घेता येऊ नये हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. परंतु या अटीने एक गोष्ट अप्रत्यक्षपणे मान्य झाली : व्हिसा देताना गुंतवणुकीची गुणवत्ता दुय्यम आणि पासपोर्टाचा उगम प्रमुख मानला जातो. तोच माणूस, तेच भांडवल, तोच व्यवसाय. निकाल मात्र वेगळा.

त्याच २०२२ च्या कायद्याने पोर्तुगालच्या नागरिकांना हे व्हिसा खुले केले. त्याआधी इस्रायलसाठी २०१२ मध्ये कायदा झाला आणि इस्रायलने अमेरिकन गुंतवणूकदारांना समान सोय दिल्यावर मे २०१९ मध्ये ई-२ प्रत्यक्षात आला. न्यूझीलंडसाठी २०१८ मध्ये कायदा झाला. परस्परतेचे तत्त्व खऱ्या अर्थाने कोठे काम करीत असेल, तर या अलीकडच्या उदाहरणांत. मात्र तो मार्ग व्यापार-करारांचा नाही. चिली व सिंगापूर यांच्याशी २००३ मध्ये झालेल्या करारांत प्रवेशाच्या तरतुदी आल्या, तेव्हा व्यापार-वाटाघाटींत स्थलांतराचे विषय आणण्यास अमेरिकन काँग्रेसमधून तीव्र आक्षेप घेतला गेला. पेरूशी व्यापार करार २००९ मध्ये अमलात आला. पेरूच्या नागरिकांना करार-व्हिसा मिळाला नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष संभवतात. एक, करार-व्हिसाचा लाभ आजच्या व्यापाराच्या आकारमानाशी जुळत नाही. करार केव्हा व कोणत्या परिस्थितीत झाला, यावर तो अवलंबून आहे. दोन, त्याच्या अटी उद्योजकाकडून कायमची गुंतवणूक मागतात आणि त्याला तात्पुरते वास्तव्य देतात. या विषमतेचा भार अखेरीस कुटुंबातील पुढच्या पिढीवर पडतो. तीन, भारत-अमेरिका व्यापार कराराच्या चर्चेत, करार झाला की व्यापाऱ्यांना असा व्हिसा आपोआप मिळेल, ही समजूत निराधार आहे. इस्रायल, न्यूझीलंड व पोर्तुगाल यांचा अनुभव असे सांगतो की त्यासाठी अमेरिकन काँग्रेसचा स्वतंत्र कायदा आणि अमेरिकन उद्योजकांना तशीच सोय देण्याची भारताची तयारी, या दोन्ही गोष्टी लागतील.

ही दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. परस्परता मागणाऱ्या देशाला, परकीय लहान व्यावसायिकाला आपल्या पेठेत आपण किती जागा देऊ, या प्रश्नाचे उत्तर आधी स्वतःपुरते ठरवावे लागते. १८१५ मध्ये ते उत्तर मुंबईच्या वतीने लंडनने दिले होते. आज ते देण्याचा अधिकार भारताकडे आहे, आणि म्हणून त्याची जबाबदारीही.