खरं म्हणून वाचलेली गोष्ट

कल्पित आणि वास्तव यांच्यातली रेघ पुसट होत चाललीय, असं आपण हल्ली सारखं ऐकतो. आपल्या धाराशिव जिल्ह्याशी नातं असलेल्या दोन लेखकांकडे बघितलं, तर ही रेघ कधीच पुसट झालेली दिसते.

पहिले फिलिप मेडोज टेलर. १८५३ नंतर काही वर्षं ते नळदुर्गला इंग्रजांचे अधिकारी होते. त्याआधी, १८३९ साली, त्यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनला छापली गेली. अमीर अली नावाचा ठग साहेबापुढे जबानी देतो, अशी तिची मांडणी. यातलं जवळजवळ सगळं खरं, कल्पना फक्त सांधे जुळवण्यापुरती, असं टेलर प्रस्तावनेत सांगतात. अमीर अलीच्या नावावर खून किती? तर ७१९. इतका नेमका आकडा आला की आपण शंका घेणं सोडतो. पण मुळातल्या जबान्या माफीच्या साक्षीदारांच्या, म्हणजे जीव वाचवायला बोलणाऱ्यांच्या. त्यावर कादंबरीकाराचा हात फिरलेला. तरी पुस्तक पुरावा म्हणून वाचलं गेलं.

पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो या कादंबरीमुळे आला, असं आम्ही म्हणणार नाही. पण गुन्हा रक्तातच असतो, ही समजूत पसरवायला अशा वाचनानं हातभार लावला. कायदा १९५२ साली गेला. पारध्यांच्या पालांवरचा संशय काही गेला नाही.

दुसरे आपल्या कळंब तालुक्यातले भास्कर चंदनशिव. त्यांची ‘लाल चिखल’ आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली. भाव पडतो आणि शेतकरी बाप भर बाजारात टोमॅटो पायांखाली तुडवतो. ही कथा आहे, एवढंच ती सांगते. आकडे देत नाही, शपथ घेत नाही. तरी आज टोमॅटो रस्त्यावर फेकले गेले की बातमीचा मथळा येतो, ‘लाल चिखल’!

रेघ दोन्हीकडे पुसलीय. मग फरक काय? आम्हाला वाटतं, ‘हे खरंच घडलं का’ एवढं विचारून भागत नाही. हे खरं मानलं तर भोगावं कुणाला लागतं, हेही विचारायला हवं. चंदनशिवांचा बाप कुणावर आळ आणत नाही. अमीर अलीच्या गोष्टीचा आळ मात्र ज्यांनी ती कधी वाचलीही नाही, त्यांच्या दारापर्यंत आला.