मथळ्याआडचा चेहरा

फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिको याने १८२० च्या आसपास रंगविलेले एका वृद्धाचे तैलचित्र स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे ओस्कर राइनहार्ट यांच्या संग्रहात आहे. कलाविषयक ग्रंथांतून ते ‘सैन्याधिपत्याच्या भ्रमाने पछाडलेला मनुष्य’ अशा अर्थाच्या नावाने छापले जाते. हे नाव आधी वाचून चित्राकडे वळणाऱ्याला चित्र दिसतच नाही, असे आमचे मत आहे.

नाव कानी पडले की आपण वेडाच्या खुणा धुंडू लागतो. डोक्यावर लाल गोंड्याची काळी टोपी. गळ्यात दोरीने अडकविलेला बिल्ला, जो हा म्हातारा लष्करी पदक म्हणून मिरवीत आहे असे टीकाकार सांगतात. मग त्याचे डोळे भ्रमिष्ट ठरतात, मिटलेले ओठ हेकट ठरतात. हेच चित्र मथळा झाकून पाहावे. काळोखातून पुढे आलेला कृश, सुरकुतलेला चेहरा. नजर आपल्याला टाळून चौकटीबाहेर कोठेतरी लागलेली. तीत संशय आहे, थकवा आहे आणि दुखावलेला मानीपणाही आहे. पेन्शनीच्या कचेरीबाहेर बाकावर बसलेल्या कितीतरी वृद्धांच्या मुद्रेवर आम्ही तो पाहिला आहे. त्यांना कोणी वेडे म्हणत नाही.

शिवाय हे नाव जेरिकोचे नव्हे. तो जानेवारी १८२४ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी वारला. १८६३ साली लुई व्हियार्दो याने बाडेन-बाडेन येथे आढळलेल्या अशा पाच चित्रांविषयी पत्र लिहिले, त्यातून ही रोगनामे रूढ झाली. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ जॉर्जे याच्यासाठी एकूण दहा चित्रे काढली गेली, ही हकीकतही त्याच पत्रातली. पण सालपेत्रिएर हे स्त्रियांचे रुग्णालय. हा वृद्ध तेथला रोगी असणे संभवत नाही. त्याचे खरे नाव तर कोणीच टिपून ठेवले नाही.

आपल्या वाङ्मयातील व्यक्तिचित्रांनाही ही खोड आहे. एखादी लकब, एखादे पालुपद हाती लागले की लेखक त्या माणसावर शिक्का मारून मोकळा होतो.

बिल्ला जेरिकोनेच रंगविला, ही अडचण मात्र आम्ही टाळीत नाही. त्याने तो गाळला असता, तर पुढच्यांना हे नाव कदाचित सुचलेही नसते. परंतु १८१२ साली घोड्यावरून चाल करून जाणारा अधिकारी आणि १८१४ साली जखमी होऊन रणातून परतणारा सैनिक ज्याने भव्य आकारात रंगविले, त्याला लष्करी डौलाची थट्टा करणे अवघड नव्हते. येथे थट्टेची एकही रेषा नाही. कपडे त्याने झरझर उरकले आहेत. चेहऱ्यापाशी येताच कुंचला संथ होतो. बिल्ल्यापाशी तो रेंगाळत नाही.